पेन्सिलीतली ओळ

हिंगणखेड (पेढीकाठ), तालुका अमरावती
२ एप्रिल १९३५

तीर्थरूप मामा,

नमस्कार आधी आणि प्रश्न मागून, असं तुम्हीच शिकवलं होतं. म्हणून आधी नमस्कार, मामींनाही.

प्रश्न असा आहे. नदीच्या वाळूतून रंग चालत जातो का?

हसू नका. रंगपंचमीला आमच्या गल्लीत पळसाच्या फुलांचा रंग खेळतात. अकराही घरी फुलं उकळून ठेवलेली असतात. खेळ झाला की सगळे न्हातात, कपडे पिळतात, आणि ते केशरी पाणी मोऱ्यांतून गल्लीच्या नालीत आणि नालीतून नदीत जातं. नदी म्हणजे आता वाळूच. पेढीची धार माघातच तुटली. नाली वाळूत पडते आणि तिथंच जिरून जाते, त्यामुळे तिच्याकडे कोणी पाहत नाही. तिथून खाली बासष्ट पावलांवर आमचे झिरे आहेत. वाळू हात-दीड हात उकरायची, खाली झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं गुंडीत भरायचं आणि घरी आणायचं. उन्हाळाभर सगळी गल्ली तेच पिते.

रंगपंचमीनंतर तिसऱ्या सकाळी माझ्या वाटीतल्या पाण्याला पिवळी झाक दिसली. वाटी पितळेची म्हणून असेल, असं वाटून ओंजळीत घेऊन पाहिलं. ओंजळीचाही भरवसा वाटेना, म्हणून घरी येऊन पांढऱ्या चिनी बशीत ओतलं. पिवळंच. मग खात्रीसाठी अर्धी बादली रंग नालीत पुन्हा ओतला आणि वाट पाहिली. (तो रंग सासूबाईंनी, आमच्या आत्याबाईंनी, लुगड्यासाठी ठेवलेला होता आणि मी त्यांना विचारलं नव्हतं, हे सांगून टाकते.) आज तिसरी सकाळ. बशीत पुन्हा पिवळं.

मामा, त्या नालीत न्हाणीचं पाणी असतं, भांड्यांचं असतं, गोठ्यातलं असतं आणि लहान मुलांची दुपटीही तिच्यातच धुतात. गेल्या चैत्रात माझ्या जाऊबाईंचा, सुभद्राबाईंचा, दहा महिन्यांचा मुलगा हगवणीनं गेला. त्याआधीच्या चैत्रात शेजारच्या मैनाबाईंचा. आमच्याकडे म्हणतात, चैत्र पोरांना मानवत नाही. यात चैत्राचा काही दोष नाही, असं मला वाटू लागलं आहे.

झिरे नालीच्या वर नेता येत नाहीत, वर मसणवट आहे. नाली झिऱ्यांच्या खाली न्यावी, तर अर्ध्या कोसावर टाकळीचे झिरे आहेत, आणि त्यांच्याकडेही मुलं आहेत. मी अजून कोणाला बोलले नाही. या घरात येऊन मला दोनच वर्षं झाली, आणि शिकलेली म्हणून आधीच माझ्याकडे जरा सांभाळून पाहतात. माझं चुकत असेल तर लगेच कळवा, म्हणजे मी सुखानं पाणी पिईन.

आपली,
शकुन


अकोला
९ एप्रिल १९३५

चि. शकुन,

आशीर्वाद. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तुझ्या मामीला एकदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोट्टीनं चांगल्या रंगाची नासाडी केली, पन डोळे उघडे हायेत तिचे."

तुझं चुकलेलं नाही. वाळू पाणी गाळते खरी, पण बासष्ट पावलांत सगळं गाळत नाही. ज्या वाटेनं रंग गेला त्याच वाटेनं रंगाहून वाईट गोष्टीही जातात. तेव्हा तू सुखानं पाणी पिऊ नकोस. उकळून पी आणि घरातल्यांनाही तसंच दे.

खरा उपाय म्हणजे नाली वाळूत पडूच द्यायची नाही. ते पाणी काठावर अडवायचं, गाळायचं आणि तिथल्या तिथं जमिनीत जिरवायचं. आमच्या बांधकाम खात्याच्या ऑफिसात अशा कामांचे नकाशे आहेत. पावसाच्या आधी खोदलं तर पूर सगळं घेऊन जाईल, म्हणून काम दिवाळीनंतर. तोवर मी नकाशा धाडतो. पुढच्या रंगपंचमीला तुमची नाली नदीपासून तुटलेली असेल.

अर्ध्या बादलीचं आत्याबाईंना सांगितलंस का? नसशील तर जेवण गोड लागत नसेल. सांगून टाक. जावईबापू भगवंतरावांना माझा रामराम.

तुझा मामा,
सूर्यभान


हिंगणखेड
११ ऑगस्ट १९३५

तीर्थरूप मामा,

उत्तराला चार महिने लागले. त्याची कारणं तीन आहेत, पण तिन्ही मिळूनही पुरेशी होत नाहीत, म्हणून देत नाही.

रंगाचं मी आत्याबाईंना तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं. बोलणी खायची पूर्ण तयारी करून गेले होते. त्या म्हणाल्या, "मले वाटलंच. लुगडं एवढं फिकं काहून निंगालं म्हून मी पाह्यत होती." एवढंच. मला उगीच चुकल्यासारखं झालं.

पाणी उकळायचं म्हटलं तेव्हा मात्र त्या हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहत राहिल्या. "पानी का दूध हाय उकळाले? नासून जाते का?"

मी म्हटलं, "मामा सांगतात."

आणि आत्याबाईंनी माळ्यावरचं मोठं पातेलं काढून दिलं. "अकोल्याचा ओव्हरसियर सांगून राह्यला त करा बाप्पा."

त्या दिवसापासून मला एक खोड लागली आहे. नालीच्या तोंडाशी दुपटी धुऊ नका, मामा सांगतात. मैनाबाईंच्या दारापुढे नालीला वळण आहे तिथं पाणी तुंबतं, ते वळण काढा, मामा सांगतात. गुरं तिथं बांधू नका, मामा सांगतात. यातलं निम्मं तुम्ही कधी सांगितलेलंच नाही. परवा सासऱ्यांनी विचारलं, "अकोल्यात बसून तुया मामाले आमच्या गल्लीचं वळन कसं काय दिसते वं?" मी पदर सारखा केला आणि आत निघून गेले. ही लबाडी आहे हे मला कळतं. कधीतरी सांगावी लागेल.

पण त्या लबाडीनं गल्ली तयार झाली. दिवाळीनंतर प्रत्येक घरानं एक माणूस चार दिवस द्यायचा, असं देवळात ठरलं आहे. घरच्यांनी, म्हणजे तुमच्या जावयांनी, बैलबंडीनं नदीतली गिट्टी आणायचं कबूल केलं. ते बोलत फारसे नाहीत, पण त्या दिवशी अमरावतीच्या बाजारात भाजी विकून येताना माझ्यासाठी शिसपेन्सिल आणि जाड कागद घेऊन आले.

आता खरी गोष्ट. जाऊबाईंना तिसरा महिना आहे. होळीच्या सुमाराला दिवस भरतील. म्हणजे बाळ येईल आणि झिरे उघडतील, दोन्ही एकदम. त्यांचं माहेरी कोणी नाही, बाळंतपण इथंच. काल भाजीच्या जुड्या बांधता बांधता त्या म्हणाल्या, "शकुन, तुया मामाले लिवजो. या वक्ती उशीर नोको करू म्हना." त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. माझं त्यात काही नाही.

आपली,
शकुन


अकोला
२२ सप्टेंबर १९३५

चि. शकुन,

तुला आशीर्वाद आणि तुझ्या नालीला धीर.

नकाशा सोबत आहे. उजव्या कोपऱ्यात एक गोल दिसेल. तो खड्डा समजून खोदू नकोस, तिथं तुझ्या मामीनं वाटी ठेवली होती.

खड्डे तीनच आहेत. पहिला साचवणीचा. त्यात नालीचं पाणी येऊन थांबेल आणि राख, शितं, गाळ खाली बसेल. दुसरा गाळणीचा. त्यात तळाला मोठे दगड, वर गिट्टी, मग कोळसा आणि सगळ्यांत वर जाड वाळू. तिसरा शोषखड्डा. दुसऱ्यातून निवळून आलेलं पाणी त्यात पडायचं आणि जमिनीनं ते पिऊन टाकायचं. नदीकडे थेंबही जाता कामा नये. मूळ मापं फुटांत होती, ती मी हातांत करून दिली आहेत. बाकी एकही रेघ माझ्या मनानं टाकलेली नाही, तेव्हा निर्धास्त खोदा.

माझ्या नावावर तू जे खपवतेस त्यानं माझी कीर्ती वाढते, म्हणून माझी तक्रार नाही. फक्त मी काय काय सांगितलं आहे ते अधूनमधून मलाही कळवत जा.

जाऊबाईंना सांग, उशीर होणार नाही.

सूर्यभान


हिंगणखेड
१९ नोव्हेंबर १९३५

तीर्थरूप मामा,

आठ दिवस सगळी गल्ली खोदत होती. सासऱ्यांनी तुमचा नकाशा पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मगच पहिली कुदळ मारली. माणसं खणत होती, बाया टोपल्यांनी माती टाकत होत्या. जाऊबाईंना आम्ही उठू दिलं नाही, तर त्या निंबाखाली बसून कोळसा फोडत राहिल्या. तोंड काळं झालं तेव्हा मैनाबाई म्हणाल्या, "पोरगं काळं निंगालं त मामाले बोल लागन." इतक्या दिवसांनी जाऊबाईंना मोठ्यानं हसताना ऐकलं.

पहिले दोन खड्डे उत्तम चालतात. दुसऱ्यातून पाणी निघतं ते मी बशीत पाहिलं. गढूळपणा गेला, वासही बराच गेला.

तिसरा भरला. भरला तो भरलाच. मी सकाळ-संध्याकाळ काठीनं मोजते. पाचव्या दिवशी तो ओतू जाऊ लागला आणि पाणी जुन्या वाटेनं नदीत. त्यात आता बेडूक राहायला आले आहेत. गल्लीत त्याला शकुनची विहीर म्हणतात. समोरचे खुशालराव काल काठावर उभे राहून म्हणाले, "एवढं पानी लागलं त आता मोट बसवा बाप्पा." सगळे हसले, मीही हसले, पण घरी येऊन मापं पुन्हा काढून बसले.

चूक माझीच असणार. तुम्ही मापं हातांत दिली, पण हात कोणाचा घ्यायचा ते मी विचारलं नाही. घरच्यांचा हात घेतला. तो सासऱ्यांच्या हातापेक्षा चार बोटं लांब आहे. मी दोन्ही हातांनी हिशेब करून पाहिला. फरक पडतो, पण विहीर होण्याइतका पडत नाही.

मामा, एकदा येऊन पाहून जाल का? बडनेऱ्याच्या स्टेशनावर बंडी पाठवू. जाऊबाईंना सहावा संपत आला. त्या मला काही विचारत नाहीत. रोज एकदा खड्ड्यापाशी जाऊन पाहून येतात फक्त.

आपली,
शकुन


अकोला
२६ नोव्हेंबर १९३५

चि. शकुन,

आशीर्वाद. ऑफिसात कामाची गर्दी आहे, त्यामुळे येणं जमत नाही. शोषखड्डा आणखी दोन हात खोल करा म्हणजे पाणी जिरेल. हातांची काळजी करू नकोस.

सूर्यभान


हिंगणखेड
१२ डिसेंबर १९३५

तीर्थरूप मामा,

दोन हात खोल केला. चार दिवसांत भरला.

खाली अगदी तळापर्यंत काळी मातीच आहे. ओली झाली की ती लोण्यासारखी होते आणि पाणी धरून बसते. रविवारी आत्याबाई खड्ड्यापाशी येऊन बसल्या. त्यांनी काठावरचं एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं, पुन्हा टाकून दिलं आणि म्हणाल्या, "हे काळी हाय. हे असं तोंड वासून नाही पेत. हिले पसरून द्या लागते, थोडं थोडं, पाळीनं. वांग्याले देतो तसं. आज या वाफ्यात, उद्या त्या वाफ्यात. मंग कशी पेते पाह्य."

मी दोन खड्ड्यांच्या पुढची जागा पाहिली. काठावर लांबच लांब उघडी पट्टी आहे, उन्ह दिवसभर असतं. आपण जन्मभर हेच करत आलो आणि हे मला सुचलं नाही, याची मला लाज वाटली.

पण सासऱ्यांनी नकाशा काढला. "यात वाफे हायेत का?"

मी म्हटलं, नाहीत.

"मंग? ओव्हरसियरचा नकाशा हाय. त्याले काय वांगे लावाचे होते? आपल्या मनानं एक रेघ नाही मोडाची." खुशालरावांनी आणि बाकीच्यांनीही मान डोलावली. आत्याबाई सासऱ्यांना म्हणाल्या, "मी काय अडानी बाई. तिच्या मामालेच इचार."

आठ महिने मी प्रत्येक गोष्टीला 'मामा सांगतात' म्हणत आले. आता खरं काय ते समोर दिसतं आहे, तर मामांनी सांगितल्याशिवाय कोणी फावडं उचलत नाही. हे मी माझ्याच हातानं केलं.

वाफ्यांना तुमची परवानगी आहे असं लिहून पाठवा. लवकर पाठवा. तीन महिनेही राहिले नाहीत.

आपली,
शकुन


अकोला
२० डिसेंबर १९३५

चि. शकुन,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं, हे चौथं.

मी ओव्हरसियर नाही. मी ओव्हरसियरच्या ऑफिसात नक्कलनवीस आहे. लग्न ठरलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी गावात सांगितलं, जावई ओव्हरसियरच्या ऑफिसात आहे. गावभर फिरून ते परत आलं तोवर त्यातलं ऑफिस गळून गेलं होतं. मी ते परत जोडलं नाही. एकोणीस वर्षं झाली. मी आजवर एकही खड्डा खोदलेला नाही आणि खोदवूनही घेतलेला नाही.

तुझं पत्र आल्यावर मूळ नकाशा पुन्हा काढून पाहिला. तो मेळघाटातल्या एका डाकबंगल्यासाठी केलेला होता. तिथं मुरूम आहे, मुरूम पाणी पितो. समासात साहेबांच्या हातची एक ओळ आहे: 'काळ्या जमिनीत शोषणार नाही, तेथे पसरट वाफे करावे.' ती ओळ पेन्सिलीत आहे. नक्कलनविसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. शाईत असेल ते उतरव, पेन्सिलीत असेल ते सोड, कारण पेन्सिल पुसण्यासाठीच असते. ती ओळ माझ्या डोळ्यांपुढे होती, शकुन. मी ती सोडून दिली. वाचलीसुद्धा नाही. मी तुला लिहिलं होतं की एकही रेघ माझ्या मनानं टाकलेली नाही. ते खरं होतं आणि चूक तिथंच होती. माझ्या मनानं लिहिलेलं एकच वाक्य म्हणजे दोन हात खोल करा. त्यासाठी तर तुमच्या गल्लीची मला माफीच मागायची आहे.

गर्दीचं कारणही खोटं. अकरा घरांसमोर ओव्हरसियर म्हणून बंडीतून उतरायचं आणि नक्कलनवीस म्हणून उभं राहायचं, हे माझ्याच्यानं झालं नाही.

आत्याबाईंना परवानगी देणारा मी कोण? त्यांनी नकाशा न पाहता ती ओळ सांगितली. सगळ्यांना हे पत्र वाचून दाखव आणि वाफे लगेच करा.

सूर्यभान


हिंगणखेड
५ जानेवारी १९३६

तीर्थरूप मामा,

तुमचं पत्र मी दोन दिवस पेटीत ठेवलं. 'मामा सांगतात, वाफे करा' एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. काम झालं असतं आणि तुमचं झाकलंही गेलं असतं. दोन दिवस मी तेच म्हणायचं ठरवत होते. प्रत्येक वेळी शब्द ओठांशी येत आणि मला सासऱ्यांनी पाटावर वाहिलेलं हळदकुंकू आठवे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खड्ड्यापाशी सगळे जमले होते. मी पत्र पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. मग मी म्हटलं, आणखी एक आहे. नालीच्या वळणाचं, दुपट्यांचं, गुरांचं मामांनी सांगितलं नव्हतं. ते मीच सांगत होते. माझं कोणी ऐकणार नाही म्हणून मामांचं नाव घेत होते.

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. "म्हाईत होतं वं मले. वळनावर पानी तुंबते हे अकोल्याच्या मानसाले कसं समजन? तू मामा-मामा करे अन् मी मनात म्हनो, बोलू द्या, पोरगी बरोबर बोलून राह्यली."

खुशालराव म्हणाले, "म्हंजे आमी एका कारकुनापायी बेडकं पाळले." मग म्हणाले, "पन कारकून इमानदार निंगाला." सासरे मात्र नकाशा गुंडाळून घरी निघून गेले. दुसऱ्या सकाळी चहा पिताना त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेबाची पेन्सिल हिले शाळा न शिकता वाचता आली." आणि फावडं घेऊन निघाले. त्यांचं एवढं बोलणं म्हणजे आमच्याकडे सत्कार असतो.

वाफे अकरा केले, घरटी एक. दुसऱ्या खड्ड्यातून पाट काढला आहे. रोज एका घरानं आपल्या वाफ्याचं तोंड उघडायचं आणि आदल्या दिवशीचं मातीनं बुजवायचं. अकरा दिवसांनी पाळी परत येते, तोवर वाफा पिऊन, सुकून तयार असतो. नदीच्या अंगाला गुडघाभर बांध घातला. शोषखड्डा बुजवला. बेडूक जाऊबाईंच्या सांगण्यावरून आधी टोपलीत भरून नदीच्या डोहात सोडले.

काय लावायचं यावर मोठा वाद झाला. खुशालराव म्हणत होते, कोथिंबीर फार छान होईल. आत्याबाईंनी सांगून टाकलं, "हे पानी लागलेली कोथमीर मी अमरावतीच्या बायांले नाही इकाची. अन् देवाचे फुलंही नाही लावाचे." शेवटी केळी, कर्दळ आणि एरंडी लावली. कर्दळीची फुलं देवाला चालतील का, असं मैनाबाईंनी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "देव काही मांगून नाही राह्यला, तू आपल्या मनानं कायले देतं?"

मामा, एक विचारायचं राहिलं. मामींना हे कधी कळलं?

आपली,
शकुन


अकोला
१४ जानेवारी १९३६

चि. शकुन,

सोबत तिळगूळ. तुझ्या मामीला हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं होतं. काल प्रथमच बोलली. "तुमच्या बोटाले शाई राहे, बुटाले माती कधी नव्हती. मले का डोळे नव्हते?" म्हणजे एकोणीस वर्षं मी एकटाच ते लपवत होतो.

तुम्हा सगळ्यांना, विशेषतः खुशालरावांना, गोड बोलण्याची विनंती. वाफे कसे पितात ते कळव. जाऊबाईंची खबर लगेच दे.

सूर्यभान


हिंगणखेड
१९ मार्च १९३६

तीर्थरूप मामा,

२ मार्चला सकाळी जाऊबाईंना मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मुलगी काळी नाही, त्यामुळे तुम्हाला कोळशाचा बोल लागलेला नाही. होळीच्या आधीच पेढीची धार तुटली आणि झिरे उघडले. पाणी आम्ही उकळूनच देतो आहोत, पण रंगपंचमीपर्यंत माझा जीव टांगणीला होता.

यंदा रंग खेळायला कोणी गल्लीत थांबलंच नाही. अकरा घरांतून अकरा हंडे निघाले आणि सगळा रंग सरळ नालीत ओतला. मैनाबाईंनी नुसता फुलांचा पुरेना म्हणून त्यात हळद कालवली. पहिला खड्डा केशरी झाला, दुसऱ्यातून जरा फिकं निघालं, आणि त्या दिवशी खुशालरावांच्या वाफ्याची पाळी होती, म्हणून त्यांची केळी रंगात न्हाली. ते म्हणाले, "सगळे मिळून एकट्याले रंगवता काय?"

मग मी बशी घेऊन झिऱ्यावर. तिसऱ्या सकाळी स्वच्छ. मी मान्य केलं नाही. चौथ्या सकाळी स्वच्छ. पाचव्या सकाळी सासरे, आत्याबाई, सगळी गल्लीच वाळूत येऊन उभी राहिली, कारण गेल्या दोन दिवसांपासून मी कोणालाच हो म्हणत नव्हते. बशीत पाणी घेतलं. घरच्यांनी माझ्या हातातून बशी घेतली, उन्हात धरली, चारी बाजूंनी पाहिली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "आता त हो म्हन."

मी हो म्हटलं.

आमच्याकडे नवा झिरा उघडला की पहिली वाटी तो खोदणाऱ्याला देतात. त्या सकाळी सासऱ्यांनी नवा झिरा उकरला, पण वाटी उलटीसुलटी फिरली. सासऱ्यांनी आत्याबाईंना दिली, आत्याबाईंनी मला, मी काठावर मुलीला घेऊन बसलेल्या जाऊबाईंना नेऊन दिली. त्यांनी ती हातात धरून ठेवली. बऱ्याच वेळानं एक घोट घेतला, आणि मुलीच्या कपाळावर ओलं बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून चैत्रापर्यंत दिवस मोजत नाही बसाची मी." आत्याबाईंनी लगेच वाटी काढून घेतली आणि दटावलं, "झालं एवढं. पोरीले मातर उकळूनच द्याचं. मामा सांगते." वाळूत उभे होते ते सगळे हसले.

टाकळीची माणसं येऊन वाफे पाहून गेली. त्यांना नकाशा हवा आहे. घरच्यांनी आणलेल्या जाड कागदावर मी तो काढला आहे: दोन खड्डे, पाट, अकरा वाफे, बांध, आणि कोणत्या जमिनीत काय चालत नाही तेही. तो सोबत पाठवते. तुमच्या सुबक अक्षरात त्याच्या दोन नकला करून द्या, एक टाकळीला, एक आम्हाला.

माझ्याकडे शाई नव्हती, म्हणून सगळा पेन्सिलीतच काढला आहे. आत्याबाईंनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे, "मामाले लिवजो, या वक्ती पेन्सिलीतलं बी उतरव म्हना."

आपली,
शकुन